परीक्षेच्या आठवड्यात आलेली कासवं

मित्रांनो, माझ्या डाव्या भिंगात बुरशीचा एक ठिपका आहे. तेवढा सोडला तर ही म्हातारी दुर्बीण अजून धडधाकट आहे. ज्या कारागिराने माझी भिंगे बसवली, त्याने मला प्रथम डोळ्यांना लावले आणि दूरच्या टेकडीवर चरणारी बकरी पाहून तो खुदकन हसला. तोच माझा जन्म.

पुढे पुण्याच्या बाळ आजोबांनी मला घेतले. त्यांच्या गळ्यात मी धरणे पाहिली, माळराने पाहिली. "हिच्यामुळे पाखरं घरची झाली," असे ते कौतुकाने म्हणत. ते गेले आणि त्यांचा मुलगा श्रीरंग नोकरीसाठी बेंगळुरूला आला. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ब्लँकेटांखाली मी वर्षानुवर्षे पडून राहिले. दमट अंधारात तो ठिपका तिथेच धरला.

एका मार्चमध्ये ओडिशाहून श्रीरंगच्या मित्राचा फोन आला. समुद्रातून कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागली होती, हजारोंनी! काही दिवसांचाच खेळ. श्रीरंगने मला खाली काढले आणि दहा वर्षांच्या आश्लेषाच्या, आपल्या लेकीच्या, गळ्यात घातले.

"अरे, सोमवारपासून तिची वार्षिक परीक्षा आहे!" तिची आई मुग्धा म्हणाली. "कासवांसाठी पेपर बुडवायचे?"

"कासवं वेळापत्रक बघून येत नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी तिघे शाळेत गेले. मुख्याध्यापिका शिवलीला मॅडम मूळच्या बेळगावच्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आजारी आहे म्हणून सांगितला असता तर पेपर पुन्हा घेतला असता की हो," त्या म्हणाल्या.

"खोटं बोलून कासवं बघायची नाहीत आम्हाला," श्रीरंग म्हणाला.

"सरी, बरं. पण नियम सगळ्यांना सारखा. दोन पेपरांत शून्य पडेल, गणिताचं बक्षीसही जाईल. मुलीला विचारलात काय?"

आश्लेषाने माझा पट्टा घट्ट धरला. गणितात ती दरवर्षी पहिली यायची. "मॅडम, पुढच्या वर्षी कासवं नक्की येतील?"

"ते कुणाला ठाऊक, बाळ? मी पण कधी पाहिली नाहीत."

"मग मी जाते."

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्थानकातून गाडी सुटली तेव्हा मुग्धाच्या मांडीवर गणिताचे पुस्तक होते.

किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा नुकतेच उजाडले होते. वनरक्षकाने सर्वांना दोरीमागे उभे केले. आश्लेषाने मला डोळ्यांना लावले, आणि मित्रांनो, इतकी वर्षे पाहण्याचेच काम केलेली मी, मलाच आपण काय पाहतो आहोत ते कळेना. वाळू हलत होती! ओल्या दगडांसारख्या पाठी लाटांतून वर येत होत्या, एकीमागून एक, पार जवळच्या नदीच्या मुखापर्यंत. त्यांना ना कोणी बोलावले होते, ना कोणी वाट दाखवली होती.

इतक्यात एक कासवीण थेट दोरीजवळ आली. वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी तिने ओंजळ-ओंजळ वाळू उपसली आणि पांढरीशुभ्र अंडी खड्ड्यात सोडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आश्लेषाने मला हळूच खाली सोडले. माझी गरजच उरली नव्हती. त्या क्षणाइतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नाही.

मुग्धा वाळूत बसली. "ऐक, श्वास घेतेय ती," ती कुजबुजली. "किती दमलीय गं!"

कासविणीने अंग डोलवत धप्‌धप्‌ वाळू थोपटली आणि मागे वळूनही न पाहता ती समुद्रात शिरली.

निकाल लागला. शून्ये आली, बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळाले. त्या संध्याकाळी आश्लेषा रडली. मुग्धा तिच्याजवळ बसली.

"वाईट वाटतंय?"

"हो."

"गेलो नसतो तर वाटलं नसतं."

आश्लेषाने नाक पुसले. "तेव्हाही वाटायला हवं होतं ना, आई. फक्त काय हुकलं ते आपल्याला कळलं नसतं."

मित्रांनो, शाळा बुडवा असे मी कधीच सांगणार नाही. शाळेत आश्लेषा रोज जाते, आनंदाने जाते. माझे मागणे साधे आहे. घरातली जुनी दुर्बीण कोंडून ठेवू नका. तिला उन्हावाऱ्यात आणा, मऊ फडक्याने पुसा आणि एखाद्या मुलीच्या हातात द्या. पडेल, ओरखडा उठेल. उठू द्या.