जाडीची सवत

मी जाडी बोलतेय. हे नाव मी घेतलेलं नाही, घरच्यांनी ठेवलंय. ओव्हनमध्ये ठेवायची मातीची डिश आहे मी. बाहेरून तपकिरी, आतून हिरव्या झिलईची, धरायला दोन कान, डोक्यावर बोंडाचं झाकण आणि अंगाने चांगली भरलेली.

आणि हो, मी जळकी आहे. आधीच सांगितलेलं बरं. मत्सर करू नये वगैरे मला शिकवायला येऊ नका. तुमच्या डोळ्यांदेखत सवत घरात आली असती, म्हणजे कळलं असतं.

माझा जन्म एका कुंभाराच्या चाकावर झाला. त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या डाव्या कानाखाली आहे. भट्टीतून निघाले तेव्हा शेजारच्या दोघी तडकल्या होत्या, मी मात्र ठणठणीत. तेव्हापासूनच मला जरा गर्व आहे, खोटं कशाला बोलू?

दुकानात मला पसंत केलं ते आईने. आई म्हणजे या घरची आई. तेव्हा तिचं नवीनच लग्न झालं होतं आणि ती एका लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. दुकानात फुलाफुलांच्या, नाजूक डिश कितीतरी होत्या. तिने एकेकीला टिचकी मारून पाहिली आणि माझ्यापाशी थांबली. "हिचा आवाज ऐका, किती खणखणीत," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने मला उचललं आणि म्हणाला, "अगं बाई, केवढी जाडी!" झालं, तेच नाव पडलं.

आमचा दिवस म्हणजे बाजाराचा आदला दिवस. फ्रीज रिकामा झालेला असायचा. आई कामावरून यायची, पदर खोचायची आणि फ्रीजमध्ये डोकं घालून उभी राहायची. मुलगा विचारायचा, "आई, आज काय?"

"आहे ते!" ती म्हणायची.

आणि खरोखर त्या पदार्थाचं नावच 'आहे ते' पडलं. तळाला कांद्याच्या चकत्या. त्यावर उकडलेले बटाटे, उरलेला भात, अर्धा कोबी, सुकत आलेलं गाजर, जे हाती लागेल ते. मग दुधात अंडी फेटून वरून ओतायची. किती? तर माझ्या रेघेपर्यंत. दरवेळी दूध जिथवर यायचं तिथे माझ्या पोटात कडेने एक तपकिरी रेघ उमटली होती, घासून घासून न जाणारी. वजनकाटा नाही, मापाचा कप नाही. आई रेघेवर बोट ठेवायची आणि ओतायची. वर शिळ्या पावाचा चुरा आणि असलंच तर चीज. तेच जिन्नस दोनदा कधी पडले नाहीत, पण बिघडलं असंही कधी झालं नाही. याचं श्रेय आई मला द्यायची. "सगळं जाडीच सांभाळून घेते," म्हणायची.

कडेला धरलेल्या खरपूस पापुद्र्यावरून बाप-लेकांची भांडणं व्हायची. चमचे माझ्या पोटात खडाखड वाजायचे. पुढे ते गृहस्थ, आईचा नवरा, वारले. त्यानंतरच्या आठवड्यात आईने 'आहे ते' केलं, तेव्हा डाव्या कानाकडचा त्यांचा कोपरा कुणी खरवडलाच नाही. आईने तो तसाच भिजत घातला आणि मला घासताना ती बराच वेळ रडली. हे फक्त मला ठाऊक आहे. असं नातं होतं आमचं.

मग मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. एकटी आली असती तर माझी काही हरकत नव्हती. पण ती काचेची डिश घेऊन आली.

काय तिचा तो नखरा! आरपार दिसणारी, हलकीफुलकी, घासायला सोपी. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला. तिला सगळं मापात लागतं. ती काट्यावर बटाटे तोलायची, दूध मोजायची आणि त्या काचेच्या बयेत रचायची. घरातले सगळे ओव्हनसमोर वाकून बघत बसायचे. "वा, आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं!" मुलगा म्हणायचा. ज्याला मी लहानाचा मोठा केला तो! माझ्या आत काय चाललं होतं, ते मात्र कुणाला दिसलं नाही.

मी मनाची समजूत घातली, नव्याचे नऊ दिवस. बाजाराचा आदला दिवस अजून माझा होता ना? आईचा हात माझ्यावर होता, तोवर कोण काय वाकडं करणार?

पण एकदा काय झालं, मला ओव्हनमधून बाहेर काढताना आईने धाडकन सोडलंच. मी कशावर तरी आपटले, काहीतरी मऊ होतं, आणि तिथून फरशीवर टेकले. झाकणाचं बोंड तुटलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. आई फरशीवर बसून राहिली आणि म्हणाली, "जड झालीयेस गं बाई!"

जड? मी? अगं, मी होते तेवढीच आहे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काचेची आली म्हणून आता मी जड झाले होय? आई दोन दिवस लंगडत होती. विचारलं की म्हणायची, टेबल लागलं. मला तिची कीवसुद्धा आली नाही, इतकी मी चिडले होते.

त्यानंतर आईने मला स्वच्छ घासलं, पुसलं आणि मुलाकडून कपाटावर ठेववलं. पुढच्या 'आहे ते'ला तिने स्वतःच्या हाताने त्या काचेच्या सवतीला पुढे ओढलं. सुनेने केलं असतं तर सोसलं असतं हो. पण आईने?

मी वरून सगळं बघत होते. आईने कांदे रचले, बटाटे रचले, दुधाचं भांडं उचललं आणि सवयीने बोट आत घातलं. रेघ कुठे होती? काचेवर तिचं बोट नुसतं फिरत राहिलं. शेवटी तिने अंदाजाने ओतलं. व्हायचं तेच झालं. दूध उतू गेलं, ओव्हनभर जळलं, घरभर धूर झाला आणि सगळे खोकत खिडक्या उघडायला धावले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घे, बस आता काचेला कवटाळून!

पण कुणालाही माझी आठवण झाली नाही. उलट त्यांनी माझं झाकण खाली काढलं आणि तिच्यावर ठेवलं. माझं झाकण, तिच्या डोक्यावर! नीट बसेना, डुगडुगत होतं, तेवढंच काय ते समाधान. माझ्या पोटात आता कपड्यांचे चिमटे, रबरबँड आणि संपलेले सेल पडायला लागले. ती काचेची तडकावी म्हणून मी किती वाट पाहिली, विचारू नका.

आणि एके दिवशी तर कहरच झाला. सूनबाई स्टुलावर चढली, माझ्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाली, "आई, ही नुसती पडून आहे. शेजारच्या काकू मागत होत्या. देऊन टाकू का?"

संपलंच की सगळं! आता आई म्हणणार, दे बाई, अडगळ जाईल.

"हात लावायचा नाही तिला!" आई ओरडली.

तिचा असा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता. सूनबाई स्टुलावरच थिजली. मग आई खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "रागावू नकोस गं. माझी मनगटं गेलीत. एवढी वर्षं ती इस्त्री उचलली ना... आता नळसुद्धा नीट बंद होत नाही. त्या दिवशी ही हातातून सुटली. मी गुडघा पुढे केला म्हणून वाचली."

"गुडघा? ओव्हनमधून काढलेल्या डिशखाली?" सूनबाई खाली उतरली. आईने साडी जरा वर केली. गुडघ्यावर भाजल्याचा हा एवढा डाग होता.

"टेबल लागलं म्हणालात!"

"मग काय सांगू? उद्या म्हणाल, स्वयंपाकघरात येऊ नका. आणि ही फुटली असती तर दुसरी कुठून आणू? म्हणून वर ठेवायला लावली. वर कोणी हात लावत नाही."

ते मऊ काय होतं, ते मला तेव्हा कळलं. आणि मी, जाडी, तिला काय काय बोलले होते मनातल्या मनात!

सूनबाईने मला खाली उतरवलं, चिमटे, सेल सगळं बाहेर ओतलं आणि मला घासायला घेतलं. मग मला ओट्यावर ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही भरा, मी उचलते."

"काटा आणू का तुझा?" आईने टोमणा मारला.

"नको. रेघ कुठेय ती दाखवा."

आईने तिचं बोट धरलं आणि माझ्या पोटात कडेकडेने फिरवलं. पहिल्यांदाच त्या पोरीचा हात मला नीट जाणवला. चांगला मजबूत हात आहे, नाव ठेवायला जागा नाही. तिने मला दोन्ही कानांना घट्ट धरलं आणि अलगद आत ठेवलं. जेवताना डावीकडचा खरपूस कोपरा आईने तिच्या ताटात वाढला.

आता माझा दिवस मला परत मिळालाय, झाकणही. काचेची बया टेबलावर कापलेले टोमॅटो घेऊन बसते, बसू दे. मग माझं जळणं थांबलं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? छे! जेवणं झाली की सूनबाई तेल कोमट करते, आईची मनगटं मांडीवर घेते आणि चोळत बसते. आई डोळे मिटून घेते. मी ओट्यावर निथळत तिकडे बघत असते. मला कान दोन आहेत, पण हात एकही नाही. आता मी त्या पोरीवर जळते.

तुम्हाला हात आहेत, म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात कोणी एखाद्या जुन्या भांड्याला म्हणालं, "जड झालीयेस गं," तर भांड्याकडे बघू नका. आधी तिची मनगटं हातात घ्या.