नवसाचा गूळ

मित्रांनो, पडवीत गंजत पडलेली ही दांडी आणि दोन पारडी पाहिलीत ना? तो मी, खामगावच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला जुना तराजू. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या दिवसांत मी गाड्याच्या गाड्या कापूस तोलला. माझा काटा खोटा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

वर्षातून एकदा मात्र मी माणूस तोलत असे. गावातल्या मनकर्णाबाईंचा मुलगा हिंमतराव जन्मापासून खोकत होता. तान्हेपणी त्याचा मुका घेतला की ओठ खारट होत. खाई दोघांचे, पण अंगी लागत नसे. तो जगावा म्हणून बाईंनी नवस केला होता. दर चैत्रात त्याच्या वजनाइतका गूळ तोलून गावात वाटायचा.

बावीस वर्षे नवस फेडला गेला. तेविसाव्या चैत्रात हिंमतराव पारड्यात बसला आणि मी हबकलोच. गेल्या सालापेक्षा सहा शेर कमी. तोलणाऱ्या नजीरभाईंनी वजने पुन्हा मोजून पाहिली.

"औंदा गूळ कोनाले वाटनार नाही. माह्या लेकाच्याच अंगी लागू दे," बाई म्हणाल्या. सगळा गूळ घरी गेला आणि दोन्ही वेळा गूळ-तूप सुरू झाले.

महिन्याभराने मायलेक जिनात आले. हिंमतराव तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, पुन्हा प्यायला आणि भिंतीमागे लघवीला जाऊन आला. थोड्या वेळाने तिकडे गेलेले नजीरभाई धावत परतले.

"बाई, तिथं मुंग्यांची रांग लागली. आमच्या शेठले असंच झालतं. आत्ताच दवाखान्यात न्या त्याले."

दवाखान्यातून परतल्यावर बाई माझ्यापाशीच खाली बसल्या. डॉक्टरांनी सांगितले होते, पोटामागचे स्वादुपिंड जन्मापासून अधू, म्हणून अन्न पचत नव्हते. आता त्याला साखरही आवरेना. खोकलाही बहुधा त्याच दुखण्याचा. रोज सुई, आणि गूळ बंद.

"मीच चारला जी, नजीरभाऊ. माह्या हातानं चारला."

त्या रडत नव्हत्या, नुसत्या माझ्या पारड्याकडे पाहत होत्या. मला लाज वाटली. तो गूळ मीच तोलून दिला होता, शेराशेराने बरोबर.

पुढच्या चैत्रात हिंमतरावासमोर ज्वारी ठेवली. गेल्या सालापेक्षा तीन शेर जास्त भरली. आणखी सहा चैत्र तो माझ्या पारड्यात बसला. त्यानंतरच्या चैत्रात बाई एकट्या आल्या आणि त्याच्या शेवटच्या वजनाची ज्वारी तोलून वाटून गेल्या.

मित्रांनो, वजन किती घटले ते मी सांगतो, का घटले ते मला कळत नाही. कोणाचे पारडे वर गेले, तर समोर घास धरण्याआधी ते का गेले तेवढे विचारून घ्या.