टाकीतलं पाणी

दोन दिवस विल्फच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश फौज मागे हटत होती आणि तो आपल्या बीएसए फटफटीवरून या तुकडीचे निरोप त्या तुकडीला पोचवत फिरत होता. आताचा निरोप दक्षिणेच्या टेकाडावरच्या चाळीस जणांसाठी होता. भर दुपारच्या आत निघा, जर्मन रणगाडे येताहेत. टेलिफोनची तार तुटलेली. विल्फ पोचला नाही, तर ती माणसं तिथंच सापडणार होती.

वाटेत त्यानं टाकीत डबा ओतला. पेट्रोल आणि पाणी एकसारख्याच पत्र्याच्या डब्यांतून यायचं. पाण्याच्या डब्यावर खडूची फुली असायची, ती घासून गेली होती. हुंगून कळायची सोय नव्हती. तिथं सगळ्याच पाण्याला पेट्रोलचा वास, चहालासुद्धा.

फर्लांगभर जाऊन गाडी खोकली आणि बंद पडली. बाराव्या किकेला त्याला उमजलं. तो मटकन वाळूत बसला.

"गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला, "हिला पाणी पाजलंस."

मग उठून त्यानं टाकीखालची नळी सोडली. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी तेच आलं. त्याचं दिवसभराचं प्यायचं पाणी वाळूत जिरत गेलं. मधूनमधून तो धार तळहातावर घेई. हात ओला राहिला की पाणीच. शेवटी हातावरची ओल बघता बघता उडून गेली, म्हणजे आता पेट्रोल. त्यानं नळी बसवली, दुसऱ्या डब्याच्या तळाशी उरलेलं थोडं पेट्रोल टाकीत ओतलं आणि सदऱ्याच्या टोकानं कार्ब्युरेटर पुसला. यात तास गेला.

टेकाडावर सार्जंट डॉबसन पुढं आला. "काय रे, लंडनहून पायी आलास होय?"

"गाडीला पाणी पाजत होतो, सार्जंट."

"आणि तू?"

"मला उरलं नाही."

डॉबसननं आपली पाण्याची बाटली पुढं केली. तोवर तुकडीच्या लेफ्टनंट पेंब्रीनं विल्फनं आणलेली चिठ्ठी वाचली आणि दहा मिनिटांत ट्रक भरले.

"टाकीत किती आहे?" लेफ्टनंटनं विचारलं.

"दोन कप असेल, साहेब."

"ट्रकमधलं देता येणार नाही. गाडी इथंच राहील. पण जर्मनांच्या हाती धड नको."

म्हणजे काय, ते विल्फला ठाऊक होतं. तेल सोडून द्यायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचं.

"मी करतो," डॉबसन म्हणाला. "तू वर चढ."

"नको. माझी गाडी आहे."

काळं तेल वाळूत सांडलं. त्यानं किक मारली आणि तारेनं रेस बांधून टाकली. इंजिन ओरडत राहिलं. मिनिट झालं, दोन झाली.

"चिवट आहे म्हातारी," ट्रकमधून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

मग आत काहीतरी ठोकलं, घासलं आणि गाडी थांबली.

"सरका रे," डॉबसननं दरडावलं आणि विल्फला दंडाला धरून वर ओढलं. त्या ट्रकमधले सगळे आधीच एकमेकांच्या अंगावर बसले होते. तरी ते सरकले.