पहिला केसपेपर

दवाखान्यासाठी सुतारकाका दोन वर्षं दारोदार फिरले. शेवटी गावाने धान्याचं रिकामं गोदाम दिलं. लोकांनी भिंती रंगवल्या, काकांनी सहा खाटा केल्या, डॉक्टरीणबाई आणि नर्स राहायला आल्या. आणि आठ दिवस उलटले तरी एकही पेशंट फिरकला नाही.

काकांना घरी बसवेना. दिवसातून चारदा गोदामाकडे खेटे घालायचे. वाटेत कोणी दिसलं की धरायचे, "तुझा खोकला किती दिवसांचा? जा की!"

"आधी तुम्ही जा काका, आम्ही येतोच मागून," लोक हसायचे.

यावर काका पुढची वाट धरायचे. त्यांच्या गळ्याला सहा महिन्यांपासून गाठ होती. बोराएवढी होती, ती लिंबाएवढी झाली, म्हणून भर उन्हाळ्यात मफलर. हे फक्त बायकोला माहीत होतं.

नवव्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उठा, नाहीतर मीच चौकात जाऊन सांगते."

अर्ध्या ताटावरून ते उठले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ तीनदा चाचपली. "काका, हे इथे होणार नाही. शहरात ऑपरेशन करावं लागेल. आजच चिठ्ठी देते."

काकांच्या तोंडून भलतंच आलं. "पहिलाच पेशंट परत पाठवलात, तर दुसरा येईल का? कोणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण तुम्हीही आता लपवू नका."

काकांच्या हातातली चिठ्ठी लोकांनी पाहिली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. "शेवटी शहरच गाठायचं, तर हा खटाटोप कशाला?" बसमध्ये चढतानाही काकांच्या कानावर तेच.

गाठ साधी निघाली. तरी शहरातल्या खाटेवर त्यांचा डोळा लागेना. बायकोला सारखं एकच विचारायचे, "तिकडे कोणी गेलं का गं?"

टाके काढायची वेळ आली तसे ते हटून बसले. "टाके आमच्या गावात निघतील."

गावच्या दवाखान्यात त्यांनी नर्सला दार उघडंच ठेवायला लावलं. दारात ही गर्दी!

"दुखतंय का काका?"

"मुंगी चावते तेवढं," डोळे पुसत काका म्हणाले.

त्याच दुपारी सात केसपेपर निघाले. बाईंनी काकांना बजावलं, महिनाभर करवतीला हात लावायचा नाही. काकांनी मान डोलावली. पण बाहेर उन्हात ताटकळणारी माणसं बघून त्यांना चैन पडेना. घरी येऊन बाकासाठी फळ्या काढल्या आणि बायकोला म्हणाले, "करवत तू धर. मी नुसतं सांगतो."