पुरासाठी बांधलेला पूल

मी एक पूल आहे. माझ्याखालून खरं पाणी कधी वाहिलं नाही. लातूरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावर माझा जन्म झाला. शेकडो माणसं आपापल्या घरून, एकाच वेळी फोनवर खेळू शकतात अशा एका खेळात मी आहे.

खेळाची गोष्ट नांदेडच्या धम्मप्रियानं लिहिली. उदगीरच्या मल्लिकार्जुननं प्रोग्राम लिहून ती गोष्ट चालतीबोलती केली. सहस्रकुंडच्या धबधब्याचे फोटो समोर ठेवून त्यांनी नदी रंगवली, दोन काठांवर दोन गावं वसवली आणि मधे मला उभं केलं. गोष्टीत असं होतं, की तिसाव्या दिवशी पूर येणार, मी वाहून जाणार आणि खेळाडूंनी जंगलातून नवी वाट शोधायची. म्हणजे जन्माआधीच माझं मरण लिहून झालं होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान कशासाठी तरी होतो.

पण माणसं मला ओलांडून पुढं जाईनात. माझ्यावरच बसू लागली. सगळ्यांत आधी आली अंबिका. इस्लापूरला ती शिवणकाम करायची. आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. तिनं माझ्या कठड्याशी फुलांचं दुकान मांडलं. फुलं खोटी होती, गप्पा खऱ्या. कुणी परीक्षेचं सांगायचं, कुणी सासूचं. अंबिका ऐकायची.

सत्ताविसाव्या दिवशी धम्मप्रिया आणि मल्लिकार्जुन स्वतः खेळात उतरले. अंबिकानं त्यांना गाठलं.

"म्याडम, पूर येणार हाय म्हणं?"

"हाव. गोष्टच तशी हाय, अंबिकाताई."

"तुमची गोष्ट व्हय ती. आमचं बसणं-उठणं इथंच हाय. मला दुसरीकडं कुठं जाता येत न्हाई."

मल्लिकार्जुन हळूच म्हणाला, "लोकांनी इथं संसार मांडलाय. राहू दे."

"पूर काढला तर पुढचं सगळं कोसळतं," धम्मप्रिया म्हणाली. तरी तिनं पूर काढला. त्या दिवशी माझ्यावर माणसं नाचली. धम्मप्रिया मात्र त्यानंतर लिहीनाशी झाली. "आता लोकच ठरवतील काय ते," असं ती म्हणायची.

लोकांनी ठरवलं. महिनाभर काहीच घडेना, तशी मंडळी कंटाळली. श्रीमंत नावाच्या एका खेळाडूनं दहा जण जमवले आणि माझी दोन्ही टोकं अडवली. हातात असेल ते ठेवायचं, मगच पलीकडं जायचं. नव्या माणसाला ढकलून नदीत टाकायचे आणि हसायचे. एका दुपारी त्यांनी अंबिकाचं दुकान पेटवलं.

"काहून जाळलं रे? तुमचं काय बिघडवलं म्या?"

"खेळ हाय बाई," श्रीमंत म्हणाला. "नियम कुठं हाय, दाखव."

अंबिकानं धम्मप्रियाला हाक मारली. ती आली, राख पाहिली, पण म्हणाली, "खेळाडूंच्या मधे पडायचं न्हाई असं आम्ही ठरवलंय, ताई."

 अंबिका गेली आणि परत आली नाही.

पंधरा दिवसांनी नियम आले. श्रीमंतच्या टोळीला बाहेर काढलं. धम्मप्रियानं नवा अध्यायही लिहिला. पण तोवर माझ्यावर बसणारं कुणी उरलं नव्हतं. मग ती रेल्वेनं इस्लापूरला अंबिकाच्या घरी जाऊन आली. आल्यावर खेळात माझ्यावर उभी राहून मल्लिकार्जुनला सांगू लागली, "ती चिडली न्हाई रे. चहा दिला. म्हणाली, पूर आला असता तर मी म्हणले असते, नदीनं नेलं. आता माणसांनी नेलं, अन् तुम्ही बघून राहिल्या होत्या."



माणसं परतलीच नाहीत, म्हणून येत्या रविवारी हा खेळ बंद होतोय. जगं उभारणाऱ्यांनो, तुमची गोष्ट माणसांच्या उरावर बसवू नका. पण मोकळीक दिली म्हणून पाठही फिरवू नका. एवढंच मागणं आहे.

आज सकाळी दोन नवे खेळाडू आले. "इथं काय करायचं असतं?" एकानं विचारलं. दुसऱ्यालाही ठाऊक नव्हतं. इथं एक बाई फुलं विकायची, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण खेळात माझ्या वाट्याला एकही वाक्य लिहिलेलं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.