काचेजवळची खुर्ची

ताई पंचवीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करत होत्या. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, रुसलेल्या म्हाताऱ्यांना गोळ्या घ्यायला लावणं, सगळं त्यांना यायचं. केस कापणं तेवढं जमायचं नाही. पण गावातलं एकही सलून त्यांच्या माणसांना उंबरा ओलांडू देत नव्हतं, म्हणून कात्रीही त्यांनीच हाती घेतली.

"ताई, कान तेवढे शिल्लक ठेवा," म्हणत म्हातारे समोर बसायचे.

बरे झालेल्यांना तरी आत घ्या, म्हणून त्या बाजारातल्या सलूनवाल्याला विनवून आल्या. त्यानं मानही वर केली नाही. "माझं गिऱ्हाईक तुटेल. तुमचं काय जातंय?"

वर्षभरानं तोच वसाहतीत आला, तोंड लपवत. कढत पाण्यानं हात भाजून फोड आले होते आणि त्याला कळलंही नव्हतं. ताईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि फोडांशेजारच्या फिकट चट्ट्यावर कापूस फिरवला.

"लावा की," तो म्हणाला.

"लावून झाला."

त्यानं डोळे उघडून चट्ट्याकडे पाहिलं. "संपलं माझं. बायकोला काय सांगू?"

मागचं सुनावावं असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एवढंच सांगा. वेळेत आलात. दुकानही चालू ठेवा."

त्या स्वतः त्याच्या घरी गेल्या. मग बायकोनंच एकही गोळी चुकू दिली नाही.

डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं निरोप धाडला : "सहा जणांना घेऊन या. बाजाराच्या दिवशीच या."

रस्त्यावरून दिसेल अशा काचेजवळच्या खुर्चीत त्यानं वसाहतीतल्या आजोबांना बसवलं. शेजारी अर्धी दाढी झालेला व्यापारी ताडकन उठला. "यांना बाहेर काढ, नाहीतर मी चाललो!"

सलूनवाल्यानं बाही सारली. "हा रोग मलाही झाला होता, शेठ. गोळ्या चालू असताना याच हातानं तुमची दाढी करत होतो. तुम्हाला काय झालं?"

व्यापाऱ्यानं आरशात पाहिलं. एक गाल गुळगुळीत, दुसरा फेसानं भरलेला. असं बाजारातून जायचं कसं? तो पुटपुटत परत बसला. बाकावरचे मास्तर फिस्कन हसले, मग सगळं दुकानच हसलं. आजोबाही.

दुपारी सहाही जण केस नीट कापून भर बाजारातून ताठ मानेनं चालत निघाले. ताई डोळे पुसत मागे पडल्या, तसे आजोबा ओरडले, "चला की ताई, पाय दुखले का?"