याचीच आई का?

“आई झालीस, आता हे काम सोड. प्रत्येक दारात चोर दिसायला लागेल,” असं तिला कोड तपासायला शिकवणाऱ्या नोर्मानं निवृत्त होताना बजावलं, तेव्हा लुदमिला नुसती हसली होती. आता ती नाउएलच्या कोडमधल्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसली होती. ओळीवर त्यानं टिपण लिहिलं होतं: पालकाची खात्री आधीच केलेली आहे.

“कुठे केलीय?”

“वर. लॉगिन करताना,” शेजारून नाउएल म्हणाला. “किती छळशील गं?”

टिपणांवर तिचा विश्वास नसे. टिपण म्हणजे लिहिणाऱ्याची इच्छा. ती वर सरकत गेली.

ॲप बालवाड्यांसाठी होतं. न्यायला आलेल्यानं फोन पुढे केला, की बाईंच्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची आणि मूल हवाली व्हायचं. कोर्दोबा शहरातल्या काही बालवाड्यांनी ते वापरायला सुरुवातही केली होती.

चाचणीसाठी तिनं एका खोट्या आईच्या नावानं लॉगिन केलं आणि दुसऱ्याच मुलाचा नंबर टाकला. हिरवी खूण आली.

“बघ. तू कुणाची तरी आई आहेस का, एवढंच हे विचारतं. याचीच आई आहेस का, ते विचारतच नाही.”

नाउएलनं कान खाजवला. “पण दुसऱ्याच्या मुलाचा नंबर टाकेल कोण?”

“ज्याला ते मूल हवंय तो.”

तेवढ्यात त्यांचा साहेब फाब्रिसिओ माते, म्हणजे सगळ्यांनी एकाच नळीनं आळीपाळीनं प्यायचा कडवट चहा, घेऊन आला. त्यानं उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं.

“अगं लुदे, दारात बाई उभ्या असतात. त्या चेहरे ओळखतात.”

“ओळखतात, हाच तर घोटाळा आहे. पोरीला भेटायची कोर्टानं मनाई केलेला बाप भाच्याला न्यायला येतो. बाईंना त्याचा चेहरा चांगला माहीत असतो. वर पोरीच्या नावापुढे हिरवी खूण आली, तर त्या का अडवतील?”

“बाळंतपणापासून तू फार संशयी झालीस.” त्यानं नळी तिच्याकडे वळवून माते पुढे केला. “‘मध्यम’ लिही, सही कर. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. सोमवारी ॲप बघायला मंत्रालयाची माणसं येताहेत.”

तिनं माते तळापर्यंत ओढला आणि परत देताना म्हणाली, “ग्रासियास.”

आभार मानले, की पुढच्या फेरीत आपल्याला धरत नाहीत. फाब्रिसिओनं रिकामा पेला घेतला.

“म्हणजे सही नाही?”

“अहवालात ‘गंभीर’ लिहिलंय. ते राहील, नाहीतर माझं नाव काढ.”

“नाव काढलं तर सोमवारपासून येऊ नकोस.”

“बरं.”

तो निघून गेला. नाउएलनं स्वतःचं टिपण पुसलं. मग ॲप वापरणाऱ्या बालवाड्यांचे पत्ते तिला पाठवले.

“बालवाड्यांना कळवलं, की तुझंही नाव येईल यात,” ती म्हणाली.

“कोड माझाच आहे.”

मुलं सुटायची वेळ होऊन गेली होती. लुदमिलानं लिहायला घेतलं. चूक काय आहे ते साध्या शब्दांत सांगितलं, ॲप ताबडतोब बंद करा असं लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं. पाठवायच्या आधी थांबून तिनं आणखी थोडं जोडलं:

“हे वाचणाऱ्या बाई, आज हिरव्या खुणेवर सोडलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी आत्ता फोन करा. मूल घरी आहे का, असं विचारू नका. त्याला फोनवर बोलवा.”